दिल्लीचे रिकामे रस्ते

पहाटेचे पाच वाजलेले असतात. दुधाच्या बूथपुढे हातात बरणी घेऊन चार-दोन माणसे उभी असतात. फुटपाथवर वर्तमानपत्रांचे गठ्ठे सोडून पुरवण्या घालण्याचे काम चालू असते. चौकातला पिवळा दिवा नुसताच उघडझाप करीत असतो, कारण थांबवायला कोणी नसते. एवढ्यात कडुलिंबाच्या झाडांखालून, जराही आवाज न करता, आठ-दहा सायकली निघून जातात. मागच्या लाल दिव्यांची माळ क्षणभर दिसते आणि वळणावर नाहीशी होते.

हीच ती दिल्ली, जिच्या वाहतूक कोंडीच्या कथा इथे राहून गेलेले नातेवाईक गावी जाऊन रंगवून सांगतात. आणखी दोन-अडीच तासांनी याच चौकात गाड्यांच्या रांगा लागतील आणि रस्ता ओलांडायला जीव मुठीत धरावा लागेल. पण तोवर एक वेगळी दिल्ली असते. ती नकाशावर बोट ठेवून दाखवता येत नाही, कारण ती जागेपेक्षा वेळेवर अवलंबून असते. सूर्योदयाच्या सुमारास ती उघडते आणि सात-साडेसातला मिटते.

या वेळेचा फायदा घेऊन सायकलवर निघणाऱ्यांची संख्या राजधानीत गेल्या काही वर्षांत चांगलीच वाढली आहे. त्यात कचेरीत नोकरी करणारे आहेत, निवृत्त झालेले आहेत, गृहिणी आहेत आणि कॉलेजची मुलेही आहेत. दिल्ली, नोएडा, गाझियाबाद, फरीदाबाद, गुरुग्राम आणि भोवतालचे जिल्हे मिळून जे राष्ट्रीय राजधानी क्षेत्र होते, त्याच्या चारही दिशांना निसर्ग वेगवेगळा आहे. दक्षिणेला अरवलीचे खडक, पश्चिमेला मोहरीची शेते आणि पाणथळ, पूर्वेला यमुनेचे पात्र, तर ईशान्येला उसाच्या मळ्यांतून जाणारा गंगेचा कालवा. नोकरीनिमित्त दिल्लीत आलेल्या किंवा सुटीत तिथे जाणाऱ्या कुटुंबांनी लाल किल्ला आणि कुतुबमिनार पाहून झाल्यावर एखादी पहाट या रस्त्यांसाठी राखून ठेवावी.

झाडांवरून ओळखावेत असे रस्ते

सुरुवात करायला सर्वांत सोपा मार्ग इंडिया गेटपासूनचा. १९११ साली राजधानी कोलकात्याहून दिल्लीला हलवण्याची घोषणा झाली आणि १९३१ साली नव्या दिल्लीचे उद्घाटन झाले. या नव्या शहराचे रस्ते आखताना मोठ्या रस्त्यांच्या कडेला एकेका जातीचे झाड ठरवून लावण्यात आले. त्यामुळे सरावलेला सायकलस्वार पाटी न वाचताही आपण कुठल्या रस्त्यावर आहोत हे सांगू शकतो. जनपथावर अर्जुन, अकबर रोड आणि टिळक मार्गावर चिंच, लोधी रोडवर कडुलिंब, आणि पूर्वीचा राजपथ म्हणजे २०२२पासूनचा कर्तव्य पथ, त्याच्या दुतर्फा जांभूळ.

जून-जुलैत जांभळे पिकली की झाडांखाली चादरी धरून फळे झेलण्याची धांदल चालते. रस्ता जांभळा होऊन जातो आणि तिथे सायकल जरा सांभाळूनच चालवावी लागते, कारण चिरडलेल्या फळांवरून चाक सहज घसरते. त्याआधी मे महिन्यात, उन्हाच्या तडाख्याने बाकी सारे करपत असताना, अमृता शेरगिल मार्गावर अमलतास फुलतो. अमलतास म्हणजे आपला बहावा. पिवळ्या घोसांखालून सकाळी सहाच्या कोवळ्या उन्हात जाण्यासाठी अनेकजण मुद्दाम वाट वाकडी करतात.

इंडिया गेटहून अकबर रोडने तीन मूर्ती, तिथून चाणक्यपुरीतला प्रशस्त शांती पथ, नेहरू पार्कला वळसा आणि लोधी रोडने परत, अशी पंधरा ते वीस किलोमीटरची फेरी होते. चढ जवळजवळ नाही. शांती पथाच्या दोन्ही बाजूंना देशोदेशीचे दूतावास आहेत. बरोबर मुले असतील तर झेंडा पाहून देश ओळखण्याचा खेळ छान रंगतो. मात्र प्रजासत्ताक दिन आणि स्वातंत्र्य दिन यांच्या आधीचे काही दिवस या भागात कडक बंदोबस्त असतो. त्या दिवसांत दुसरा मार्ग धरावा.

शहराच्या मधोमध रान

चाणक्यपुरीतून सरदार पटेल मार्गाला लागून पुढे वंदे मातरम मार्गावर आले की सपाट दिल्ली एकदम चढू लागते. हा रिजचा भाग. गुजरातेपासून राजस्थान ओलांडत आलेली अरवलीची रांग इथे दिल्लीत येऊन संपते. डोंगराचे हे शेपूट फारसे उंच नाही, पण गीअर नसलेल्या सायकलवर मांड्या भरून येतात एवढे नक्की. दोन्ही बाजूंना रान आहे. त्यातली बरीचशी झाडे वेड्या बाभळीची, म्हणजे इथल्या भाषेत विलायती कीकरची. इंग्रजांच्या काळात बाहेरून आणलेल्या या काटेरी झाडाने मूळच्या झाडांना हटवून रिजवर बस्तान बसवले. ती हटवून पूर्वीची झाडे परत आणण्याचे प्रयत्न आता काही ठिकाणी सुरू आहेत. पहाटे या रानातून मोरांचा आवाज येतो आणि कठड्यांवर माकडांच्या टोळ्या बसलेल्या असतात. त्यांच्यासमोर पिशवीतून केळे काढण्याची चूक कोणी करू नये.

रिजच्या पायथ्याशी तालकटोरा उद्यान आहे. मराठी माणसाने इथे दोन मिनिटे सायकल थांबवावी. १७३७ सालच्या मार्चमध्ये थोरल्या बाजीरावांचे घोडदळ मोगल सरदारांना हुलकावणी देऊन अचानक दिल्लीच्या वेशीपर्यंत येऊन धडकले, तेव्हा याच परिसरात बादशाही फौजेचा पराभव झाला होता. आज तिथे फुलांचे ताटवे आहेत आणि सकाळी फिरायला येणाऱ्यांची वर्दळ असते.

अरवलीतली देवराई

रिजवर अरवलीची नुसती चुणूक मिळते. ती पोटभर पाहायची तर शहराबाहेर, दक्षिणेला जावे लागते. गुरुग्राम आणि फरीदाबाद यांना जोडणारा रस्ता डोंगरातून जातो. चढ-उतार, लालसर खडक आणि दूरवर दिसणाऱ्या उंच इमारती असे हे विचित्र मिश्रण आहे. या मुख्य रस्त्यावर आता ट्रक आणि मोटारी भरधाव धावतात, त्यामुळे तो जाण्यायेण्यापुरताच वापरावा. खरी मौज मांगर गावाकडे वळल्यावर सुरू होते. रस्ता अरुंद होतो, वाहने विरळ होतात आणि चाकांखालच्या खडीचा आवाज ऐकू येऊ लागतो.

मांगरजवळच्या दरीत 'मांगर बणी' नावाचे रान आहे. आपल्याकडे कोकणात आणि मावळात देवराया असतात, तशीच ही देवराई. गुदडिया दास बाबा या साधूच्या नावाने ती राखलेली आहे. इथली फांदी तोडणाऱ्याचे किंवा गुरे चारणाऱ्याचे भले होत नाही, अशी भोवतालच्या गुर्जर गावांची पिढ्यान् पिढ्यांची श्रद्धा. तिच्या बळावरच इथे धौची झाडे टिकली. धौ म्हणजे आपल्या धावड्याचा भाऊबंद. दिल्लीच्या आसपासची अरवली वेड्या बाभळीने व्यापण्यापूर्वी कशी दिसत असेल, हे समजून घ्यायला आता ही एवढीच जागा उरली आहे, असे म्हटले तरी चालेल. २०२१ साली मांगरच्या परिसरात प्रागैतिहासिक गुहाचित्रे आणि दगडी हत्यारे सापडल्याचे जाहीर झाले, तेव्हा या दरीचे वय किती मागे जाते याचीही लोकांना जाणीव झाली. बणीत सायकल नेऊ नये. ती गावात ठेवून, गावकऱ्यांना विचारून, पायी जावे.

या डोंगरांनी खाणकामाचे घावही सोसले आहेत. दगड आणि बदरपूर वाळूसाठी वर्षानुवर्षे डोंगर पोखरले गेले. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने फरीदाबाद, गुडगाव आणि मेवात या भागांतील अरवलीतले खाणकाम थांबवले. सोडून दिलेल्या खाणींत पाणी साठून निळीशार तळी तयार झाली आहेत. दिसायला ती फार मोहक, पण काठ तुटके आणि खोली फसवी. तिथे पोहायला उतरलेल्या अनेक तरुणांचे जीव गेले आहेत. तळे लांबूनच पाहावे. शिवाय या डोंगरांत बिबट्यांचा वावर आहे. म्हणून अंधारात निघण्याची घाई न करता पुरते उजाडल्यावरच इकडे वळावे.

मिठाचे गाव, पक्ष्यांचे तळे

डोंगर चढण्याची हौस किंवा ताकद नसेल त्यांनी गुरुग्रामहून पश्चिमेला, फर्रुखनगरच्या रस्त्याने निघावे. जमीन तळहातासारखी सपाट. जानेवारी-फेब्रुवारीत दोन्ही बाजूंना मोहरी फुललेली असते. धुके विरत गेले की पिवळा रंग हळूहळू वर येतो. मध्येच एखादी नीलगाय रस्ता ओलांडते आणि शेतकरी तिला हाकलत मागोमाग धावतो. पाहुण्याला गंमत वाटते, पण पिकाच्या नासाडीने तो बिचारा मेटाकुटीला आलेला असतो.

गुरुग्रामपासून पंधरा किलोमीटरच्या आसपास सुलतानपूर लागते. एकेकाळी इथल्या खाऱ्या विहिरींचे पाणी उन्हात आटवून मीठ बनवले जाई आणि ते दूरवर विकायला जाई. तो धंदा बुडाला, पण पावसाचे पाणी साठणारी सखल जमीन राहिली आणि तिच्यावर थव्यांनी पक्षी उतरत राहिले. दिल्लीत पत्रकार म्हणून राहणारे पीटर जॅक्सन या पक्षीप्रेमी इंग्रज गृहस्थांनी तत्कालीन पंतप्रधान इंदिरा गांधी यांना पत्र लिहून ही जागा राखण्याची विनंती केली. त्यातून १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला इथे पक्षी अभयारण्य झाले, पुढे ते राष्ट्रीय उद्यान झाले आणि २०२१ साली रामसर करारातील आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळांच्या यादीत त्याचे नाव गेले. हिवाळ्यात हिमालय ओलांडून आलेले पट्टकदंब हंस आणि तऱ्हेतऱ्हेची बदके इथे असतात. झाडांवर चित्रबलाकांची घरटी दिसतात. उद्यान पायी फिरायचे असते. पावसाळ्यात, विणीच्या हंगामात, ते बंद असते. त्यामुळे निघण्यापूर्वी चौकशी केलेली बरी.

अंगात जोर असेल तर तसेच पुढे फर्रुखनगरला जावे. १८व्या शतकात फौजदार खानाने वसवलेले हे तटबंदीचे गाव. जुना दिल्ली दरवाजा, शीशमहाल आणि पायऱ्यांची विहीर, म्हणजे तिथली बावडी, अजून पाहायला मिळते. बाजारात गरम जिलेबी आणि दूध घेऊन परत फिरावे. मात्र आठच्या आत. कारण अलीकडे या भागात मोठमोठी गोदामे उभी राहिली आहेत आणि दिवस वर आला की त्यांच्याकडे जाणाऱ्या ट्रकांची रांग सुरू होते. दहा वर्षांपूर्वी हा रस्ता दिवसभर मोकळा असायचा, असे जुने सायकलस्वार सांगतात.

यमुनेपलीकडे

पूर्वेला यमुना ओलांडली की नोएडा लागते. १९७६ साली नियोजनपूर्वक वसवायला घेतलेल्या या शहराचे रस्ते रुंद आणि सरळ आहेत आणि रविवारी सकाळी बऱ्याच सेक्टरांत शुकशुकाट असतो. ओखला बंधाऱ्यामुळे यमुनेचे पाणी जिथे पसरते, तिथे १९९० साली जाहीर झालेले ओखला पक्षी अभयारण्य आहे. नदीची दुर्दशा पाहून मन खिन्न होते. पाण्यावर फेस आणि नाकाला दर्प. तरीही थंडीत इथे हजारो पक्षी येतात. त्यांना दुसरीकडे जायला फारशी जागा उरलेली नाही.

नोएडाच्या गोल्फ मैदानात एक जुना स्मारकस्तंभ आहे. ११ सप्टेंबर १८०३ रोजी याच परिसरात दौलतराव शिंद्यांच्या फौजेची जनरल लेक यांच्या इंग्रजी सैन्याशी लढाई झाली. पटपडगंजची लढाई म्हणून ती ओळखली जाते. शिंद्यांच्या तुकड्यांचे नेतृत्व लुई बूर्के हा फ्रेंच अधिकारी करीत होता. त्या दिवशी दिल्ली मराठ्यांच्या हातून गेली ती कायमची. तालकटोऱ्यापासून इथवर सायकलने तासाभराचे अंतर आहे. इतिहासाला ते कापायला ६६ वर्षे लागली.

नोएडाहून ग्रेटर नोएडाकडे जाणारा सुमारे २५ किलोमीटरचा द्रुतगती मार्ग सायकलस्वारांना सारखा खुणावतो. २०१० साली दिल्लीत राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धा झाल्या, तेव्हा सायकलच्या वैयक्तिक वेळचाचणीची शर्यत याच मार्गावर झाली होती. मोटारींना बंदी घालून संपूर्ण रस्ता खेळाडूंच्या हवाली करण्यात आला होता. आज मात्र मुख्य मार्गिकेवर जाण्याचा मोह टाळावा. मोटारी तिथे प्रचंड वेगाने धावतात. बाजूचे सेवा रस्ते आणि ग्रेटर नोएडातले आतले रस्ते सकाळी अधिक चांगले.

गंगेच्या कालव्याकाठी

सर्वांत हिरवा मार्ग ईशान्येला आहे. त्यासाठी गाझियाबादच्या पुढे मुरादनगरपर्यंत मोटारीत सायकली घालून जावे. हरिद्वारहून निघालेला गंगेचा वरचा कालवा इथून वाहतो. प्रोबी कॉटली या इंग्रज अभियंत्याच्या देखरेखीखाली तो बांधला गेला आणि १८५४ साली त्यात पाणी सोडण्यात आले. पावणेदोनशे वर्षे होत आली, तरी कालवा आजही लाखो एकर जमीन भिजवतो आहे.

कालव्याच्या कडेने मुरादनगरहून मुझफ्फरनगर जिल्ह्यातल्या पुरकाजीपर्यंत रस्ता आहे. एका बाजूला वेगाने वाहणारे गढूळ-हिरवे पाणी, दुसऱ्या बाजूला उसाचे फड आणि डोक्यावर झाडांची कमान. हिवाळ्यात गुऱ्हाळे चालू असतात. उकळत्या रसाचा वास लांबूनच येतो आणि कोल्हापूर-साताऱ्याकडच्या माणसाला क्षणभर आपण गावीच आलो असे वाटते. थांबून मागितला तर ताजा गूळ हातावर ठेवतात, वर पैसेही घेत नाहीत. श्रावणात मात्र हा रस्ता कावड घेऊन हरिद्वारहून पायी परतणाऱ्या भाविकांचा असतो. उत्तरेकडचा श्रावण आपल्यापेक्षा पंधरा दिवस आधी सुरू होतो हे लक्षात ठेवावे. कालव्याचे पाणी जोराचे असते आणि बऱ्याच ठिकाणी कठडा नसतो. मुलांना काठाच्या बाजूने चालवू देऊ नये.

या सावलीवरही आता संकट आहे. कालव्याच्या दुसऱ्या काठाने मुरादनगर ते पुरकाजी असा १११ किलोमीटरचा नवा रस्ता करण्याचे ठरले आणि त्यासाठी गाझियाबाद, मेरठ आणि मुझफ्फरनगर जिल्ह्यांतील सुमारे १ लाख १२ हजार झाडे तोडण्याचा प्रस्ताव पुढे आला. २०२४ साली राष्ट्रीय हरित लवादाने या वृक्षतोडीची दखल घेतली, तोवर हजारो झाडे पडली होती. भाविकांची गर्दी मोठी असते आणि त्यांची सोय व्हायला हवी, हे खरेच. पण ज्या झाडांखाली ते विसावतात, तीच तोडून ही सोय करायची का, असा प्रश्न कालव्याकाठच्या सावलीत उभे राहिले की पडतोच.

रिकामा म्हणजे सुरक्षित नव्हे

इथवर वाचून कोणी उद्याच सायकल बाहेर काढणार असेल, तर एक गोष्ट त्याने मनाशी पक्की करायला हवी. रिकामा रस्ता सायकलस्वाराला जेवढा प्रिय, तेवढाच तो बेफाम मोटार हाकणाऱ्यालाही प्रिय असतो. गर्दीच्या वेळी रांगेत सरपटणारी गाडी पहाटे त्याच रस्त्यावर गोळीसारखी सुटते. रात्रभर जागलेला चालक, झोपेने जडावलेले डोळे आणि समोर कोणी नसेल ही खात्री, या तिन्ही गोष्टी याच वेळी एकत्र येतात.

२० ऑक्टोबर २०१३, रविवार. पर्यावरणाच्या क्षेत्रात देशभर नाव असलेल्या सुनीता नारायण नेहमीप्रमाणे सकाळी सायकलने लोधी गार्डनकडे निघाल्या होत्या. अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेजवळ एका भरधाव मोटारीने त्यांना उडवले आणि ती न थांबता निघून गेली. त्यांची हाडे मोडली. एका वाटसरूने त्यांना रुग्णालयात पोहोचवले म्हणून प्राण वाचले. दिल्लीत सायकलसाठी वेगळे रस्ते हवेत, असे ज्या वर्षानुवर्षे सांगत होत्या, त्यांच्यावरच हा प्रसंग आला.

हे केवळ दिल्लीपुरते नाही. २८ फेब्रुवारी २०२४ रोजी पहाटे नवी मुंबईत नेरूळच्या पाम बीच रस्त्यावर एका भाड्याच्या मोटारीच्या धडकेने अवतार सैनी यांचा मृत्यू झाला. संगणकाच्या पेंटियम प्रोसेसरच्या रचनेत मोठा वाटा असलेले हे अभियंते सहकाऱ्यांसोबत सायकलवर निघाले होते. वेळ होती सहाला दहा मिनिटे कमी. रस्ता रुंद होता, गुळगुळीत होता आणि मोकळा होता.

म्हणजे रस्त्यावर गाड्या नसणे आणि गाड्या येऊच न शकणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली नशिबाने मिळते, दुसरी ठरवून करावी लागते.

ठरवले तर रस्ता बंद करता येतो

सुनीता नारायण यांच्या अपघाताला चार आठवडे होत असतानाच, १७ नोव्हेंबर २०१३च्या रविवारी, शेजारच्या गुडगावात एक नवाच प्रकार सुरू झाला. नागरिकांच्या गटांनी पोलीस आणि प्रशासन यांच्या मदतीने सकाळचे काही तास काही रस्ते मोटारींना बंद केले. नाव ठेवले 'राहगिरी'. दक्षिण अमेरिकेतल्या कोलंबिया देशाची राजधानी बोगोटा इथे १९७४पासून असाच उपक्रम चालतो आणि तिथे दर रविवारी शंभराहून अधिक किलोमीटरचे रस्ते लोकांसाठी मोकळे होतात. त्यावरूनच ही कल्पना सुचली.

पहिल्याच काही रविवारी लोकांची झुंबड उडाली. मुले रस्त्याच्या मधोमध सायकल शिकू लागली. आजीबाई दोरीवरच्या उड्या पाहत बसल्या. ज्या रस्त्यावर उतरण्याची हिंमत होत नसे, त्याच रस्त्यावर योगासने झाली, नाच झाले. जुलै २०१४मध्ये दिल्लीच्या कॅनॉट प्लेसमध्ये राहगिरी आली. त्याच वर्षी मुंबईतही वांद्रे-सांताक्रूझच्या बाजूला रविवारी सकाळी रस्ते मोकळे करण्याचा प्रयोग झाला. पुढे या उपक्रमांत खंड पडले आणि सातत्य राहिले नाही. पण रस्ता बंद केला म्हणून आभाळ कोसळत नाही, एवढे त्यातून सर्वांना दिसले.

याचे आणखी एक उदाहरण जुन्या दिल्लीत आहे. २०२१ साली नूतनीकरणानंतर चांदणी चौकाचा लाल किल्ला ते फतेहपुरी मशिदीपर्यंतचा सुमारे १.३ किलोमीटरचा रस्ता सकाळी नऊ ते रात्री नऊ या वेळेत मोटारवाहनांना बंद करण्यात आला. नियम मोडणारे असतात आणि रिक्षांची दाटीही असते, तरी इथे पायी हिंडण्यात पूर्वीपेक्षा कितीतरी सुख आहे. सायकलने यायचे तर मात्र दुकाने उघडण्यापूर्वी, पहाटेच यावे. या वेळी मार्गदर्शकासह निघणाऱ्या सायकल सफरीही मिळतात. लाल किल्ल्याच्या बाजूने शिरले की लगेच गौरीशंकर मंदिर लागते. शिंद्यांच्या फौजेतल्या आपा गंगाधर या मराठी माणसाने १७६१च्या सुमारास ते बांधले, असे सांगतात. पानिपताचे ते वर्ष. तिथे हात जोडूनच पुढे जावे.

उलटे उदाहरणही आहे. २००८ साली आंबेडकर नगर ते मूलचंद या मार्गावर बससाठी राखीव मार्गिका झाली, तेव्हा तिच्यासोबत सायकलसाठीही स्वतंत्र पट्टा आखण्यात आला होता. मोटारवाल्यांची मोठी ओरड झाली आणि २०१६ साली बसमार्गिका उखडून टाकण्यात आली. सायकलचा पट्टाही तिच्याबरोबर गेल्यातच जमा झाला.

निघण्यापूर्वी

दिल्लीत सायकल चालवायला फेब्रुवारी-मार्च आणि पावसाळ्यानंतरचे, ऑक्टोबर मध्यापर्यंतचे दिवस उत्तम. मे-जूनमध्ये सूर्य साडेपाचच्या आतच उगवतो, त्यामुळे पाचला निघून सातपर्यंत घरी यावे. त्यानंतर उन्हाचा त्रास होतो. डिसेंबर-जानेवारीत सूर्योदय सात-सव्वासातला होतो आणि दाट धुक्यात दहा हातांवरचे दिसत नाही. अशा दिवशी सायकल घरीच ठेवावी. ऑक्टोबर अखेरपासून जानेवारीपर्यंत हवा फार बिघडते. हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक आता रोज जाहीर होतो. तो पाहिल्याशिवाय निघू नये. 'खराब'च्या पुढे गेला असेल तर मुलांनी, वृद्धांनी आणि दमेकऱ्यांनी बाहेर व्यायाम करणे हितावह नाही.

हेल्मेट, पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा, अंगात फिकट किंवा भडक रंगाचे कपडे, पाण्याची बाटली, पंक्चर काढण्याचे साहित्य, छोटा पंप आणि खिशात नाव-पत्ता व घरचा फोन क्रमांक लिहिलेली चिठ्ठी, एवढे बरोबर असलेच पाहिजे. कानात गाणी लावू नयेत. मागून येणाऱ्या गाडीची पहिली सूचना कानालाच मिळते. शक्यतो चार-सहा जणांनी मिळून जावे आणि एकामागे एक चालवावे. लहान मुलांना मोटारी बंद असलेल्या रस्त्यावरच सायकल चालवू द्यावी. बाकीच्या मार्गांवर ती किमान बारा-तेरा वर्षांची झाल्यावर, दोन मोठ्या माणसांच्या मध्ये ठेवून न्यावीत.

साडेसात वाजतात. सकाळची रपेट आटोपून हौशी सायकलस्वार टपरीवर आल्याचा चहा घेत असतात. महागड्या सायकली भिंतीला टेकवलेल्या असतात. याच वेळी रस्त्यावर दुसरे सायकलस्वार येऊ लागतात. कुणी रात्रपाळी संपवून घरी निघालेला चौकीदार, कुणी हँडलला डबा अडकवून बांधकामावर निघालेला गवंडी, कुणी कारखान्यातला मजूर. त्यांच्या सायकलींना गीअर नाहीत, बहुतेकांच्या मागे दिवा नाही आणि डोक्यावर हेल्मेट नाही. मोकळ्या रस्त्याची वेळ निवडण्याची चैन त्यांना परवडत नाही. गाड्यांच्या लोंढ्यात, रस्त्याच्या अगदी कडेने, नाल्याच्या जाळीवरून चाक वाचवत ते निघून जातात.

चहा पिणाऱ्यांपैकी कुणी सायकलसाठी वेगळ्या पट्ट्याची मागणी करायला महापालिकेच्या दारी गेलेच, तर अर्जात त्याने रविवारच्या रपेटीबरोबर या माणसांचाही उल्लेख करावा. पट्टा झाला तर त्यावरून रोज जाणारे तेच असतील.